स्ट्रीमरवर व्हिडिओ पाहायचा, तर आवाज तारेतूनच न्या

संपादक,
स. न. वि. वि.

हाय-फाय नेटवर्क स्ट्रीमरची, म्हणजे इंटरनेटवरून गाणी घेऊन ती घरच्या स्पीकरवर ऐकवणाऱ्या यंत्राची, ओळख करून देणारे लेख वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान-पानावर येतात. डॅकची (डिजिटल संकेताचा आवाज करणाऱ्या भागाची) चिप कोणती, किती किलोहर्ट्झपर्यंत चालतो, कुठल्या संगीतसेवा मिळतात, हे सगळं त्यात असतं. पण स्ट्रीमर घरी आणला की घरातलं माणूस पहिल्यांदा विचारतं, ‘यावर यूट्यूब कसं बघायचं?’ त्याचं उत्तर या लेखांत सापडत नाही, म्हणून हे पत्र.

बहुतेक स्ट्रीमर फक्त आवाजाचं काम करतात. समोर रंगीत पडदा असला तरी तो अल्बमचं मुखपृष्ठ दाखवण्यापुरता. मागे एचडीएमआयचं भोक असलं तर ते बहुधा टीव्हीकडून आवाज घेण्यासाठी असतं, टीव्हीला चित्र देण्यासाठी नव्हे. त्यामुळे चित्र टीव्हीवर किंवा फोनवर आणि आवाज स्ट्रीमरमधून, अशा दोन वाटा होतात. आवाजाची वाट जर वाय-फायवरून जात असेल, तर तो मागे पडतो. याचं कारण बफर. नेटवर्कवर एखादा तुकडा उशिरा आला तरी गाणं तुटू नये म्हणून स्ट्रीमर थोडा आवाज आधीच साठवून ठेवतो. एअरप्ले या ॲपलच्या वाय-फायवरून आवाज पाठवण्याच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीत हा साठा सुमारे दोन सेकंदांचा असतो. गाणं ऐकताना त्याने काही बिघडत नाही, पण पडद्यावर माणूस बोलत असेल तर ओठ आणि शब्द यांची फारकत होते.

किती उशीर खपतो, याचे आकडे ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाच्या लक्षात येतं, आणि ९० पुढे किंवा १८५ मागे गेला की ते चालवून घेण्यापलीकडे जातं. मागे राहिलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण निसर्गातही तो प्रकाशानंतरच पोचतो. साध्या ब्लूटूथचा उशीर १५० ते २५० मिलिसेकंदांच्या घरात असतो, म्हणजे तो या सीमेच्या आसपास किंवा पलीकडेच.

म्हणून आमचं स्पष्ट मत असं की पाहायचं असेल तर यूट्यूब टीव्हीवरच लावावं आणि टीव्हीचा आवाज तारेने स्ट्रीमरला द्यावा. स्ट्रीमर घेण्याआधी तो उलटा करून मागची बाजू बघा: ऑप्टिकल ‘इन’ (प्रकाशाच्या तारेतून आवाज घेणारं भोक) किंवा एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेतून घेण्याची सोय) आहे का? नुसतं ऑप्टिकल ‘आउट’ या कामाचं नाही. ब्लूसाउंडचा २०२१चा नोड, विमचा अल्ट्रा अशा काही स्ट्रीमरना एचडीएमआयची सोय आहे.

ऑप्टिकल तार लावल्यावर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करायला विसरू नये. ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’ राहिलं, तर दोन चॅनलच्या स्ट्रीमरला तो संकेत उलगडता येत नाही. मग काहीच ऐकू येत नाही किंवा नुसती खरखर येते, आणि चांगली तार खराब म्हणून बदलली जाते. एआरसी वापरताना टीव्हीच्या ज्या पोर्टवर ‘एआरसी’ लिहिलंय त्याच पोर्टला तार लावावी आणि सीईसी (एचडीएमआय तारेतून उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू करावं. एलजीच्या टीव्हीत ते सिंपलिंक या नावाने, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, तर सोनीत ब्राव्हिया सिंक या नावाने सापडतं. ते चालू असलं की टीव्हीच्या रिमोटने स्ट्रीमरचा आवाज कमी-जास्त करता येतो. ऑप्टिकलवर सहसा तसं होत नाही. ऑप्टिकलचा एक मोठा गुण मात्र आहे: तिच्यातून वीज जात नाही, त्यामुळे टीव्ही जोडल्यावर स्पीकरमधून घुं घुं सुरू झाली असेल तर ती बहुधा थांबते. तार करकचून वाकवू नये, आतला धागा मोडतो.

तारेनेही जुळत नसेल, तर आधी आवाज पुढे आहे की मागे ते ठरवावं. पुढे असेल तर सोपं आहे: टीव्हीत किंवा स्ट्रीमरच्या ॲपमध्ये ऑडिओ डिले थोडाथोडा वाढवत जावं. मागे असेल तर या सेटिंगचा उपयोग नाही, कारण आवाज थांबवून धरता येतो, वेळेआधी आणता येत नाही. तेव्हा वाटेतला उशीर शोधावा लागतो. पहिला संशय खोलीच्या ध्वनिसुधारणेवर, म्हणजे खोलीतल्या घुमण्यानुसार आवाज दुरुस्त करणाऱ्या फिल्टरवर, घ्यावा. ६५,५३६ टॅपचा (हिशेबाच्या पायऱ्यांचा) लिनियर फेज प्रकारचा फिल्टर ४८ किलोहर्ट्झवर एकटाच ०.६८ सेकंद खातो. त्याऐवजी मिनिमम फेज प्रकारचा फिल्टर लावला की हा उशीर जवळजवळ संपतो. दुसरा संशय अनेक खोल्यांच्या गटावर, कारण सगळे स्पीकर एकत्र ठेवण्यासाठी बफर वाढवलेला असतो. तो गट मोडून पाहावा.

नक्की उशीर मोजायचा असेल तर टाळी वाजवणाऱ्या हातांचा जवळून घेतलेला व्हिडिओ लावा आणि फोनवर २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये पडदा चित्रित करा. हात टेकल्याची फ्रेम आणि आवाज उमटल्याची फ्रेम यांतलं अंतर मोजा. एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त. फोन आपण बसतो त्याच जागी ठेवावा, कारण तीन मीटरला आवाज सुमारे ९ मिलिसेकंद घेतो आणि तेही हिशेबात यायला हवेत.

तार शक्यच नसेल तर आयफोन-आयपॅडवरून एअरप्ले करता येतं. तिथे बहुतेक व्हिडिओ ॲप उशीर ओळखून चित्रच तेवढं थांबवतात. खेळ आणि व्हिडिओ कॉल यांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही. विंडोज संगणकावर फाइल वाजवताना व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी ५० मिलिसेकंदांच्या पायरीने आवाज मागे-पुढे सरकवता येतो.

क्रोमकास्टबद्दल, म्हणजे फोनवरून दुसऱ्या उपकरणावर व्हिडिओ-गाणी लावण्याच्या गूगलच्या सोयीबद्दल, फार गोंधळ आहे. यूट्यूब ॲपमध्ये कास्टचं चिन्ह दाबलं तर फक्त-आवाजाचा स्ट्रीमर यादीत दिसत नाही, आणि लोकांना तो बिघडला असं वाटतं. त्या ॲपला चित्र दाखवणारं उपकरणच लागतं. यूट्यूब म्युझिकमधून तोच स्ट्रीमर दिसतो. तिथे फोन नुसता रिमोट असतो, गाणं स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून ओढतो. व्याख्यान किंवा मैफल फक्त ऐकायची असेल तेव्हा हा मार्ग उत्तम. कुठेच काही दिसत नसेल तर फोन पाहुण्यांच्या वाय-फायवर नाही ना आणि व्हीपीएन चालू नाही ना, हे बघावं.

दर्जाविषयीही प्रामाणिकपणे सांगायला हवं. यूट्यूबचा आवाज साधारणपणे १२८ केबीपीएस एएसी किंवा १६०च्या आसपासचा ओपस असतो; हे दोन्ही आवाज दाबून लहान करण्याचे प्रकार. स्ट्रीमरच्या पडद्यावर १९२ किलोहर्ट्झ उमटल्याने त्यात नवीन काही येत नाही. तरी चांगल्या स्पीकरवर बोलणं स्वच्छ ऐकू येतं, हा फायदा खरा आहे. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ‘स्टेबल व्हॉल्यूम’ असेल तर संगीतासाठी ते बंद करावं. ते हळू आवाज उचलतं आणि मोठा दाबतं, त्यामुळे गायकाने जपून लावलेला हलका स्वर आणि त्यानंतरची चढती तान एकाच पातळीवर येतात.

आपल्या पानावर स्ट्रीमरचं परीक्षण छापताना तीन गोष्टी जरूर द्याव्यात: मागे कोणते इनपुट आहेत, ऑप्टिकल किंवा एआरसीवरून मिलिसेकंदांत मोजलेला उशीर किती, आणि ऑडिओ डिले किती टप्प्यांनी बदलता येतो. पहिली गोष्ट फोटोतही दिसते, पण उरलेल्या दोन विकत घेणाऱ्याला दुकानात कळायला मार्ग नसतो.

आपले,
ध्वनियंत्रणा जोडणारे काही वाचक