सहा किलो दोनशे

चिपळूण,
रविवार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू पाठवलेला, कोणाच्या तरी रोजच्या सामानाचा फोटो पाहिला. काळ्या कापडावर ओळीने मांडलेल्या वस्तू: घडीचा चाकू, बोटाएवढी बॅटरी, बारा कामं करणारी पक्कड, चामडी वही, पितळेचं पेन. खाली तुझा प्रश्न, 'बाबा, रोज जवळ ठेवायला यातलं काय घेऊ?' आईने चष्मा लावून फोटो बघितला आणि विचारलं, "हा माणूस वायरमन आहे की दरोडेखोर?"

फोनवरच सांगणार होतो, पण तुझ्या लोकलच्या गोंगाटात माझं निम्मं बोलणं तिथेच राहतं. म्हणून लिहितो.

आधी एक कबुली देतो. गणपतीत आली होतीस तेव्हा तू शेजारी आरतीला गेल्यावर मी तुझी रोजची बॅग ताणकाट्याला लावली. सहा किलो दोनशे ग्रॅम भरली. शाळेच्या मुलांसाठी सरकारने २०२० मध्ये दप्तराचं धोरण काढलं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, असं त्यात आहे. तुझं वजन मी इथे लिहीत नाही, हिशेब तूच कर. लॅपटॉप आणि चार्जर मिळून दोन किलो, ते ऑफिसचं, त्याला इलाज नाही. लिटरची भरलेली बाटली किलोच्या वर. उरलेल्या तीन किलोंची मी यादीच केली. एसटीतल्या कंडक्टरची खोड, तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरल्याशिवाय चैन पडत नाही. तीन पेनं, त्यातलं एकही उठत नव्हतं. दोन पॉवर बँक. मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं. जाडजूड शाल. अर्धी वाचलेली कादंबरी, खूण पान बाराला. तळाशी विखुरलेली चौतीस रुपयांची नाणी. आणि ऐन भाद्रपदात छत्री नाही!

एकतीस वर्षं मी लोकांच्या खिशांकडे बघत काढली. 'तिकीट' म्हणून समोर उभं राहिलं की कोणाचा हात कुठे जातो, यावरून माणूस कळायचा. पोफळीहून चढणारी म्हातारी कनवटीला लावलेली गाठ सोडायची आणि मोजून तेवढेच पैसे हातावर ठेवायची. अंधार असो, गाडी वळणावर असो, तिची बोटं चुकत नसत. उलट सहा कप्प्यांच्या बॅगा घेतलेली मंडळी कुंभार्ली घाटातली दोन वळणं संपेपर्यंत चेन उघडत आणि लावत बसायची. माझंही त्या म्हातारीसारखंच होतं बघ. ट्रे आणि पंच होता तेव्हा काय, मशीन आलं तेव्हा काय, दहाच्या नोटा उभ्या घडी करून कुठल्या दोन बोटांत आणि पन्नासच्या कुठल्या, हे ठरलेलं. रात्रीच्या गाडीत दिवे मालवले तरी हात बरोबर जायचा. वस्तू चांगली की वाईट हे मी नंतर बघतो. अंधारात, एका हाताने, खाली न बघता ती सापडते का? डब्यात तुला दांडीला धरायला एक हात लागतोच, म्हणजे उरला एकच.

तेव्हा तूर्त काही विकत घेऊ नकोस. पंधरा दिवस एक कर. रात्री खोलीवर गेलीस की बॅग पलंगावर उपडी कर. दिवसभरात ज्या वस्तूला हात लागला ती उजवीकडे, ज्याला लागला नाही ती डावीकडे. आणि एका कागदावर लिही, आज काय दुसऱ्याकडे मागावं लागलं. हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. फोटोतल्या माणसाला काय लागतं ते त्याचं त्याला. तुला सेफ्टी पिन मागावी लागली की छत्री, हे त्याला कुठून कळणार? पंधरा दिवसांनी डावीकडचं घरी ठेवायचं. छत्री, औषध असल्या चार गोष्टींना मात्र हा नियम लावू नकोस, त्या रोज लागत नाहीत म्हणूनच जवळ असाव्या लागतात.

सेफ्टी पिनवरून आठवलं. तुझ्या आईच्या बांगडीत कायम दोन पिना अडकवलेल्या असतात, लहानपणी तू त्यांना खेळायचीस. माझ्या पैशांच्या बॅगेचा पट्टा भर जत्रेच्या गर्दीत तुटला तेव्हा तिच्यातल्याच एका पिनेवर मी संध्याकाळपर्यंत ड्युटी केली होती. मी वाचनालयात वाचलं की वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने १८४९ मध्ये ही पिन काढली आणि तिचं पेटंट चारशे डॉलरला विकून टाकलं. आईला सांगितलं तर म्हणते, "केली असेल त्याने, पण बांगडीत अडकवायचं काही त्याला सुचलं नाही." तू बांगड्या घालत नाहीस. बॅगेच्या आतल्या शिवणीत चार पिना टोचून ठेव.

आता पैसे. तुमचं सगळं फोनवर, ठीक आहे, मलाही येतं. पण गेल्या महिन्यात कराडला जाताना घाटात पुढच्या सीटवरच्या मुलाचं पेमेंट दहा मिनिटं गोल गोल फिरत होतं. रेंज नाही, खिशात पाचशेची एकच नोट, आणि तरुण कंडक्टर तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहून देत होता. माझ्या आयुष्यातली निम्मी भांडणं त्या तिकिटामागच्या आकड्यावरून झाली! मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सुट्ट्यांचा घोळ आणखी वाढलाय म्हणे. तू दहा-वीसच्या मिळून शंभर रुपये वेगळे ठेव, वरच्या कप्प्यात, रिक्षा आणि चहापुरते. आणि पाचशेची एक नोट पर्समध्ये नाही, दुसरीकडेच कुठेतरी.

हे दुसरीकडेचं प्रकरण मी पैसे मोजून शिकलोय. लग्नाआधी एकदा पुण्याच्या स्टँडवर माझा खिसा कापला गेला. पगार गेला त्याचं दुःख होतंच. पण लायसन्स, पास, टेलिफोन नंबरांची चिठ्ठी, सगळं त्याच पाकिटात. फोन करायला रुपया नाही, आणि रुपया मिळाला असता तर नंबर नाही. तुमची तीच गत आहे, फक्त पाकिटाऐवजी मोबाईल. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये आहेत हे बरंच आहे, पण फोन बंद पडला की ती कुलुपाच्या आत आणि आपण बाहेर. शेवटच्या गाडीला एक मुलगी चढली होती, तुझ्याच वयाची, फोन मेलेला. मी माझा फोन पुढे केला तर तिला घरातला एकही नंबर येईना. रडू आवरत म्हणाली, "काका, मी आईला 'आई' दाबून लावते." तेव्हा एका जाड कागदावर आमचे दोघांचे नंबर, तुझ्या खोलीवरच्या मैत्रिणीचा, तुझा रक्तगट आणि रेल्वेचा १३९ लिहून ठेव. ११२ पाठ असेलच. आमचे नंबर पाठही कर. हसू नकोस, आत्ता लगेच म्हणून बघ.

पॉवर बँक एक बस. कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने मला समजावलं की डब्यावर साठा दहा हजार एमएएच लिहिलेला असतो तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. बाहेर ५ व्होल्टने येताना सहा-साडेसहा हजारच हाती लागतं. तरीही तुझा फोन एकदा पूर्ण भरतो. वीस हजारवाली धोंड्यासारखी जड, ती गावी येताना आण. बाटली अर्ध्या लिटरची घे, ऑफिसात पाणी आहे, परळपर्यंत तहान लागली तर तेवढं पुरतं.

चाकू नको. मला नोकरीत पात्याची गरज दोनदा पडली, दोन्ही वेळा टपावरच्या बोजाची सुतळी कापायला, आणि दोन्ही वेळा नेलकटरच्या पात्याने भागलं. बॅटरी फोनमध्ये आहे. पेन मात्र घे, साधं, दहा रुपयांचं, आणि टोपणाचं घे. कोणी मागितलं तर पेन द्यायचं, टोपण आपल्या हातात ठेवायचं. तुझं टोपण बघून त्याला पेन परत करायची आठवण होते. हा शोध कंडक्टर लोकांचा आहे की बँकेतल्या कारकुनांचा, यावर मतभेद आहेत.

रुमाल दोन, सुती. एक घामाला, एक जागेला. लोकलमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येत नाही असं तू म्हणालीस. तरी दोन असू दे.

आणि दुधाच्या पिशव्या. आई धुऊन वाळवून ठेवते त्यातल्या दोन सोबत पाठवतोय. घाटात गाडी लागलेल्या किती पोरांना मी अशी पिशवी दिली असेल याची गणती नाही. पण तुला ती पावसासाठी. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुझा मामा त्या रात्री छातीएवढ्या पाण्यातून रुळांवरून चालत घरी आला. त्याचा फोन, पास, पगाराची चिठ्ठी, सगळ्याचा लगदा झाला. पुढे २२ जुलै २०२१ ला आपल्याकडे वाशिष्ठी नदी शहरात शिरली, तेव्हा आगारातली आमची माणसं रोकड वाचवायला तासन्‌तास एसटीच्या टपावर बसून राहिली. पाणी यायचं तर विचारून येत नाही गं. फोन आणि कागद पिशवीत सरकवून तोंडाला रबरबँड लावायला अर्धा मिनिट लागतो.

औषधांत तुझी नेहमीची गोळी, जखमेवर लावायच्या दोन पट्ट्या आणि ओआरएसची एक पुडी. गर्दीत घामाघूम होऊन चक्कर येणाऱ्या बायका तूच मला सांगितल्यास. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत मीठ-साखरेचं हेच पाणी पाजून माणसं वाचवली. एवढी मोठी गोष्ट, आणि खिशात मावते. फक्त पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती सबंध घालायची, अंदाजाने चिमूट-चिमूट नाही. मोठी पुडी लिटरभर पाण्याची असते, तुझ्या नव्या बाटलीला ती जमायची नाही, म्हणून छोटी घे, २०० मिलीवाली.

छत्रीचं सांगायला नकोच. तीन घड्यांची तुला आवडते, पण वाऱ्यात ती उलटी होते. तू दोन घड्यांची बघ.

उद्या रात्रीच्या गाडीने पार्सल ठेवतोय, ड्रायव्हर ओळखीचा आहे. त्यात पिशव्या, पिना, दोन टोपणाची पेनं आणि आईने दिलेली आंबोशी, कोकम आणि तळलेले गरे आहेत. गरे रोजच्या बॅगेत घालू नकोस, ऑफिसात वास येतो म्हणून मागच्या वेळी तूच तक्रार केली होतीस. ताणकाटा पाठवत नाही. आईचा रद्दीवाल्याच्या काट्यावर विश्वास नाही, तिला तो दर महिन्याला लागतो. तुमच्या खाली वाण्याकडे वजन करून कळव.

तुझे,
बाबा

ता. क. आई विचारते आहे, ते पान बाराचं पुस्तक तुला नको असेल तर ती वाचेल.