चुकीचा क्रिस्टल आणि चुकीची पुस्तिका: एम्बेडेड सी शिकवणाऱ्या किटबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

विषय: ८०५१ मायक्रोकंट्रोलर प्रशिक्षण किटमधील सदोष बोर्ड, चुकीचा मजकूर आणि दिशाभूल करणारी जाहिरात याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून आमच्या कारखान्याने पाच प्रशिक्षण किट मागवली. एटी८९एस५२ या ८०५१ प्रकारच्या मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपचा बोर्ड, तिच्यात प्रोग्राम भरणारा यूएसबी प्रोग्रामर, छापील पुस्तिका आणि व्हिडिओ अभ्यासक्रम मिळून प्रत्येकी ४,८५० रुपये. बिलाची प्रत सोबत आहे. पूर्वी एक ओळही प्रोग्राम न लिहिलेल्या माणसाला या किटवर मायक्रोकंट्रोलरसाठीची सी भाषा शिकता येईल, असे आपल्या जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिले आहे. त्या एका वाक्यावर विसंबून मी साहेबांकडे या खरेदीचा आग्रह धरला होता.

मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक मेंटेनन्सचे काम पाहते. आमच्याकडे आयटीआय आणि डिप्लोमा झालेली मुलेमुली शिकाऊ उमेदवार म्हणून येतात. सोल्डरिंग त्यांना येते, मल्टिमीटर हातात बसलेला असतो, पण प्रोग्राम म्हटला की ती मागे सरतात. हे किट त्यांच्यासाठी होते.

८०५१ निवडल्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट ती निवड मला पटली होती. इंटेलने १९८० साली आणलेली ही रचना आजही शिकायला उत्तम आहे. एटी८९एस५२ मध्ये रॅम अवघी २५६ बाइट आणि प्रोग्रामसाठी जागा ८ किलोबाइट. एवढ्याशा जागेत काम करताना प्रत्येक व्हेरिएबल किती बाइट खातो याचा हिशेब आपोआप लागतो आणि चिपच्या कुठल्या रजिस्टरमधला, म्हणजे आतल्या नियंत्रणाच्या खणातला, कुठला बिट काय करतो हे डोळ्यांसमोर राहते. तयार लायब्ररीच्या भरवशावर शिकलेल्या मुलांना हे कधीच कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच या किटची दशा पाहून मला जास्त वाईट वाटले.

आता मुद्द्यावर येते. पुस्तिकेतल्या सीरियल पोर्टच्या, म्हणजे संगणकाला एकामागून एक बिट पाठवण्याच्या धड्यात ९६०० बॉड रेटसाठी, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगासाठी, टायमर १ मोड २ मध्ये ठेवून टीएच१ या रजिस्टरमध्ये हेक्स (षोडशमान) एफडी भरायला सांगितले आहे. चिपला ठरावीक वेगाने ठोके देणारा बोर्डावरचा क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचा असेल तर ते अगदी बरोबर आहे. त्या वारंवारतेला १२ ने भागले की ९,२१,६००, त्याला ३२ ने भागले की २८,८००, आणि एफडी म्हणजे २५३, तिथून २५६ पर्यंत तीन मोजण्या, म्हणून ९६००. शेष काहीच उरत नाही. हा विचित्र वाटणारा आकडा ८०५१ च्या बोर्डांवर वर्षानुवर्षे वापरला जातो तो याचसाठी. पुस्तिकेच्या सर्किट आकृतीतही ११.०५९२ च छापले आहे. प्रत्यक्षात पाचही बोर्डांवर १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावलेला आहे. त्याच्या पत्र्याच्या टोपीवर १२.००० असे कोरलेले स्पष्ट दिसते, फोटो जोडले आहेत.

१२ मेगाहर्ट्झवर त्याच एफडीने वेग येतो साधारण १०,४१७. म्हणजे साडेआठ टक्के जास्त. मी ऑसिलोस्कोप लावून पाहिले. एका बिटची रुंदी १०४ मायक्रोसेकंद हवी, ती ९६ भरली. एका अक्षरामागे स्टार्ट, आठ डेटा आणि स्टॉप असे दहा बिट जातात आणि ही तफावत प्रत्येक बिटागणिक साचत जाते. पहिले पाच डेटा बिट कसेबसे जागेवर वाचले जातात, सहाव्यापासून घेणारा संगणक पुढचाच बिट वाचू लागतो. आपल्या धड्यातला पहिला प्रोग्राम इंग्रजी कॅपिटल ए पाठवतो. त्याचा कोड हेक्स ४१. आमच्या टर्मिनलवर हेक्स ए१ येत होते, म्हणजे उलटे उद्गारचिन्ह. हिशेब करून पाहा, हेच यायला हवे.

हा धडा आमच्याकडची एक मुलगी करत होती. तिने पुस्तिकेतली ओळ न् ओळ पुन्हा टाइप केली, केबल बदलली, ड्रायव्हर काढून परत टाकला. मग आपल्या कस्टमर केअरला लिहिले. उत्तर आले, ‘आपला कोड तपासा.’ तिने परत तपासला. पुढच्या मेलचे उत्तर आले की व्हिडिओ पुन्हा नीट पाहावा, आणि तिची तक्रार बंद करण्यात आली. त्यानंतर ती मला म्हणाली, ‘मॅडम, मला प्रोग्रामिंग नाही जमणार, मला पॅनेल वायरिंगलाच ठेवा.’ तिचा कोड पहिल्यापासून बरोबर होता. मी स्वतः ११.०५९२ चा क्रिस्टल बाजारातून आणून बोर्डावर बसवला आणि तिचाच प्रोग्राम, एकही अक्षर न बदलता, चालला.

मिक्सर बंद पडला तर तो बिघडला हे कोणालाही कळते. शिकण्याचे किट बिघडलेले असेल तर शिकणाऱ्याला ते कळायला मार्गच नसतो. तो दोष स्वतःच्या डोक्यात शोधतो. एम्बेडेडमध्ये तर हे जास्तच, कारण चूक कोडमध्ये आहे, कोडचे चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरमध्ये आहे, वायरमध्ये आहे की चिपमध्ये, हे ओळखायला अनुभव लागतो आणि तो नाही म्हणूनच माणूस आपले किट विकत घेतो. एका क्रिस्टलची किंमत काही रुपये आहे. त्यापायी आपण एका हुशार मुलीचा विश्वास घालवायला निघाला होता, हे आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून इतके सविस्तर लिहिते आहे.

बोर्डातला दुसरा दोष पोर्ट ० चा, म्हणजे चिपच्या आठ पिनांच्या एका गटाचा. या पोर्टला आतून पुल-अप रेझिस्टर (पिन ‘१’ वर ओढून धरणारे) नसतात, बाहेरून द्यावे लागतात. बोर्डावर त्यासाठी रेझिस्टर पॅकची जागा छापलेली आहे, छिद्रेही आहेत, पण पाचपैकी तीन बोर्डांवर तो भाग बसवलेलाच नाही. एलसीडीच्या डेटा लाइन त्याच पोर्टवर आहेत. साहजिकच त्या तिन्ही बोर्डांवर एलसीडी कोरी राहते.

पुस्तिकेबद्दल. दुसऱ्याच धड्यात लिहिले आहे की ‘इंट’, म्हणजे पूर्णांक ठेवणारा व्हेरिएबल, चार बाइटचा असतो. आपल्या संगणकावर असेल, किटसोबत दिलेल्या केईल कंपनीच्या सी५१ कंपायलरमध्ये तो दोन बाइटचा आहे आणि त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. तरीही एलईडी लुकलुकवण्याच्या उदाहरणात विलंबासाठी इंट व्हेरिएबल घेऊन तो ५०,००० पर्यंत मोजायला लावला आहे. तो तिथे पोहोचणारच नाही. लूप संपत नाही आणि एलईडी एकदा लागला की लागलेलाच राहतो. ‘अनसाइन्ड’ (ऋण आकडे वगळणारा) हा एक शब्द आधी लावला असता तरी निभावले असते. शिवाय एलईडी ‘१’ लिहिल्यावर लागतो असे पुस्तिका सांगते, बोर्डावर मात्र तो ‘०’ लिहिल्यावर लागतो. ८०५१ चा पोर्ट करंट देण्यापेक्षा ओढून घेण्यात सशक्त असल्याने जोडणी तशीच योग्य आहे. बोर्ड बनवणाऱ्याला हे माहीत होते, पुस्तिका लिहिणाऱ्याला नव्हते. दोघांची गाठच पडली नसावी. इंटरप्टच्या, म्हणजे चालू प्रोग्राम मध्येच थांबवून तातडीचे काम करण्याच्या धड्यात इंटरप्ट रुटीन आणि मुख्य प्रोग्राम यांच्यात वाटून घेतलेल्या फ्लॅगला (खुणेच्या व्हेरिएबलला) ‘वोलाटाईल’, म्हणजे याची किंमत केव्हाही बदलू शकते हे कंपायलरला सांगणारा शब्द, लावलेला नाही. एखाद्या कंपायलरवर ते चालूनही जाईल, पण ऑप्टिमायझेशन बदलले की केव्हा दगा देईल सांगता येत नाही. वोलाटाईल हा शब्द १९८९ च्या अ‍ॅन्सी मानकापासून सीमध्ये आहे आणि एम्बेडेड सी शिकवणाऱ्याने तो शिकवला नाही तर काय शिकवले, हा माझा प्रश्न आहे.

आता सर्वांत गंभीर बाब. जाहिरातीत ‘संपूर्ण सॉफ्टवेअरसह’ असे म्हटले आहे. पेनड्राइव्हमध्ये निघाली ती केईलची मोफत चाचणी आवृत्ती, जिला २ किलोबाइट कोडची मर्यादा आहे. केईलने ती मर्यादा कुठे लपवलेली नाही, आपण आपल्या ग्राहकांपासून लपवली. पुस्तिकेतला शेवटचा प्रकल्प, कीपॅड आणि एलसीडीचे कुलूप, या मर्यादेत बसत नाही, कोडचे तुकडे जोडणारा लिंकर थांबतो. हे कळवल्यावर आपल्या प्रतिनिधीने व्हॉट्सअ‍ॅपवर परवाना तोडणाऱ्या एका फाइलचा दुवा पाठवला आणि अँटिव्हायरस बंद करून ती चालवा असे सांगितले. तो संदेश माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. कामाला लागलेल्या कोवळ्या मुलांना पहिल्याच पायरीवर चोरीचे सॉफ्टवेअर वापरायला सांगणे मला अजिबात मान्य नाही आणि कारखान्याच्या संगणकावर असली फाइल चालवण्याचा प्रश्नच येत नाही. एसडीसीसी हा मुक्त कंपायलर ८०५१ साठी उपलब्ध आहे, त्याला कोडच्या आकाराचे बंधन नाही. पिनची नावे जाहीर करण्याची पद्धत त्यात थोडी वेगळी आहे, तेवढी उदाहरणे बदलून देणे आपल्याला सहज शक्य होते.

आमचे म्हणणे असे आहे. पाचही बोर्ड योग्य क्रिस्टल आणि रेझिस्टर पॅकसह आपल्या खर्चाने बदलून द्यावेत. ते शक्य नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. पुस्तिकेचे शुद्धिपत्र काढावे आणि ते फक्त आम्हाला नाही, तर हे किट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला पाठवावे. यावर मी अडून बसणार आहे. आमच्याकडे स्कोप होता, क्रिस्टल बदलणारे हात होते. घरी एकट्याने शिकणाऱ्या माणसाकडे यातले काही नसते आणि आपले बहुतेक ग्राहक तसेच असणार. परवाना तोडणारी फाइल वाटणे ताबडतोब थांबवावे आणि जाहिरातीत सॉफ्टवेअरची मर्यादा स्पष्ट लिहावी. तांत्रिक प्रश्नांना उत्तर देण्यासाठी ज्याने स्वतः या बोर्डावर प्रोग्राम चालवून पाहिला आहे असा निदान एक माणूस नेमावा.

ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम, २०२० नुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्याच्या आत तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांवरून दाद मागण्यात येईल. आमच्या व्यवस्थापनाने त्याला संमती दिली आहे.

उत्तर लेखी द्यावे, फोनवर नको. बोर्ड परत घेण्यासाठी माणूस पाठवणार असाल तर दोन दिवस आधी कळवावे, म्हणजे मी बसवलेला क्रिस्टल काढून मूळचा परत लावून ठेवता येईल.

आपली,
विभागप्रमुख, इलेक्ट्रॉनिक मेंटेनन्स
सातारा

सोबत: बिलाची प्रत, पाचही बोर्डांचे फोटो, ऑसिलोस्कोपच्या पडद्याचा फोटो, कस्टमर केअरशी झालेला पत्रव्यवहार, व्हॉट्सअ‍ॅप संदेशाची प्रत, पुस्तिकेतील चुकांवर खुणा केलेली पाने.