काउंटरपलीकडेही माणूसच असतं

राजारामपुरीतल्या एका मोठ्या किराणा दुकानात मी सहा वर्षे बिलिंगला आहे. फोन कानाला लावूनच लोक सामान ओततात. रक्कम दोनदा सांगावी लागते. माझा हात पुढे असताना पाचशेची नोट काउंटरवर फेकतात. बिल निघताना ‘थांबा, गूळ राहिला’ म्हणून आत जातात आणि मागची रांग माझ्यावर डाफरते. भाव आम्ही ठरवत नाही, हे किती वेळा सांगायचं?

उभं राहून पोटऱ्या भरून येतात. दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये, तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्याने दिला. इथल्या मालकांनी निदान एक स्टूल तरी द्यावं.

परवा एका आजींनी सुटे पैसे मोजून तळहातावर ठेवले आणि विचारलं, ‘जेवलीस न्हवं पोरी?’ त्या दिवशी पाय दुखल्याचं जाणवलं नाही.

– एक कॅशियर, कोल्हापूर