मेडिकलवाल्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

नावाने तुम्ही मला ओळखत नाही, 'ॲसिडिटीची स्ट्रिप' म्हटलं की ओळखाल. कर्वे पुतळ्याजवळच्या तुमच्या दुकानात दर रविवारी रात्री यायचो, तो मी. एकदा तुम्ही स्ट्रिप काढलीत, पण हातातच ठेवलीत. "रविवारीच कसं हो बिघडतं पोट? आधी डॉक्टरांना दाखवा, मग देतो." खरं सांगतो, राग आला होता. दुकानदाराला कशाला हव्यात एवढ्या चौकशा!

पण प्रश्न डोक्यातून जाईना. सोमवारी हिंजवडीची बस वाकडला अडकली की पोटात कळ यायची, आता उतरून जायचं कुठे, या विचाराने घाम फुटायचा. मी मिसळीला दोष दिला, बाहेरच्या पाण्याला दिला. सोमवारच्या मीटिंगचं नाव कधी घेतलं नाही.

शेवटी गेलो. वजन उतरतंय का, शौचातून रक्त जातं का, दुखण्याने झोपमोड होते का, हे डॉक्टरांनी आधी विचारलं, तपासण्या केल्या. निदान आयबीएस, म्हणजे इरिटेबल बाऊल सिंड्रोम, आतडं हळवं होण्याचा त्रास. आता 'मनाचे खेळ' म्हणणार, असं वाटलं. ते म्हणाले, दुखणं खरंच आहे, आतड्याला जखम नाही इतकंच. आतड्याच्या भिंतीत 10 कोटींहून जास्त चेतापेशी असतात, आणि पोट व मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस नसेतले सुमारे 80 टक्के तंतू पोटाचेच निरोप वर नेतात. मला उलटं वाटायचं! ताण आला की जठर रेंगाळतं आणि मोठं आतडं घाई करतं. म्हणजे वर जेवण तसंच, खाली पळापळ. त्यात आतडं इतकं हळवं होतं की साधा गॅसही कळ वाटतो. मग कळेची भीती, आणि भीतीने पुन्हा कळ.

आता जेवणाच्या वेळा पाळतो, बसमध्ये पोटाने सावकाश श्वास घेतो, समुपदेशकाकडे जातो (घरी हे पटवायला पोटापेक्षा जास्त त्रास झाला). सोमवार अजून सोमवारच आहे, पण वाकडला आता घाम फुटत नाही.

गेल्या रविवारी आलो तेव्हा सवयीने तुमचा हात त्याच खणाकडे गेला. मी इसबगोल मागितलं, तुम्ही चष्म्यावरून बघून हसलात. तेव्हाच हे सगळं सांगणार होतो, पण मागे चार माणसं उभी होती.

आपलं,
रविवारचं गिऱ्हाईक