खापरपणजोबांची मेडलं

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

खापरपणजोबांच्या वस्तू पुण्याला नेऊन फ्रेम करून लावते म्हणालीस, फार बरं वाटलं. मेडलं मुलीच्या घरी कशाला, असं काका म्हणाले. ज्याला त्यांची किंमत कळते त्याच्याकडेच ती राहतील, असं मी त्यांना सांगून टाकलं. खुशाल ने. फक्त फ्रेमवाल्याला त्या ब्राँझच्या गोल थाळीला पॉलिश करू देऊ नकोस.

पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या शिपायांच्या घरी इंग्रज सरकारने अशी थाळी पाठवली होती. ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या देवीच्या, बाजूला चौकटीत खापरपणजोबांचं नाव उठावाच्या अक्षरांत आहे. नुसतं नाव, हुद्दा नाही. कर्नल असो वा शिपाई, सगळ्यांना सारखंच. खापरपणजी दर खंडेनवमीला ती चिंचेने लखलखीत घासायची, हळदकुंकू वाहायची. त्यामुळे आडनावाची पहिली दोन अक्षरं झिजून सपाट झालीत, आता बोट फिरवलं तरच कळतात. आणखी घासली तर तीही जातील.

हे एवढं जपायला का सांगतोय, ऐक. त्यांची 117 मराठा पलटण 1915 च्या डिसेंबरात इराकमधल्या कुतला तुर्कांच्या वेढ्यात अडकली. उपासमार इतकी, की घोडे कापून खायची वेळ आली. 29 एप्रिल 1916 ला सैन्य शरण गेलं, पण त्याआधीच खापरपणजोबा गेले होते. कबर नाही, समाधी नाही. बसऱ्याला मोठं स्मारक आहे, पण त्यावर हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांचीच नावं कोरली. शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा. याचा मला आजही संताप येतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात त्या युद्धात गेलेल्या 46 जणांसाठी शिळा तरी आहे, आपल्या गावात तीही नाही. म्हणजे त्यांचं नाव कोरलेलं असं जे काही आहे, ते आपल्याच ट्रंकेत.

चांदीचं मेडल 1972 च्या दुष्काळात मोडलं, त्या पैशांत घरात धान्य आलं. ब्राँझचा तारा आहे. त्याच्या पाठीवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली आहे, म्हणून फ्रेमला मागूनही काच लावून घे. डिंक, फेविकॉल काही लावू देऊ नकोस. नंबर वहीत उतरवून ठेव आणि फोटो काढून काकांनाही पाठव.

दसऱ्याला येशील तेव्हा सगळं काढून ठेवतो. आईची तब्येत ठीक आहे.

तुझे,
बाबा