पुडीवर गोळीचं नाव लिहा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी गडचिरोली जिल्ह्यातली निवृत्त आरोग्य सेविका. आमच्या झाडीपट्टीत ताप चढून अंगावर पुरळ उठलं, डोळे लाल झाले की घरचे म्हणतात, देवी आली. कडुलिंबाचा पाला अंथरतात आणि आधीची गोळी चालूच ठेवतात. कधीकधी हे सगळं त्या गोळीनेच केलेलं असतं. फिटची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या. होतं क्वचित, बहुधा औषध सुरू केल्यापासून महिनाभरात. पण झालं की ओठ सोलवटतात, पापण्या चिकटतात, कातडी सालासारखी निघते. याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. 30 टक्क्यांहून जास्त कातडी सुटली तर साधारण तिघांतला एक दगावतो.

पहिला इलाज म्हणजे संशयित औषध त्याच दिवशी बंद. मग भाजलेल्या माणसासारखी शुश्रूषा, सलाईन, न चिकटणारी पट्टी, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची रोजची तपासणी.

पण बंद काय करायचं, साहेब? आमच्या भागातल्या एका पोराला फिटची गोळी सुरू होऊन पंधरवडा झाला होता. तोंडात पाण्याचा घोट जाईना. डॉक्टरांनी विचारलं, कोणती गोळी? आईने पदराची गाठ सोडून कागदाची पुडी काढली. आत दोन पांढऱ्या, एक पिवळी अर्धी. तिला वाचता येत होतं, पण पुडीवर वाचायला काही नव्हतंच.

पोरगा वाचला. डाव्या डोळ्यात फूल पडलं. आणि धोका संपलेला नाही, कारण कार्बामाझेपिनने ज्याचं असं झालं त्याला फेनिटॉइनही घातक ठरू शकते. पुढच्या डॉक्टरला हे कोण सांगणार?

म्हणून पुडी सरकारी असो की खाजगी, तिच्यावर गोळीचं नाव लिहिणं सक्तीचं करा. ज्याला एकदा असं झालं, त्याला सिकलसेलच्या रुग्णाला देतात तसं कार्ड द्या. औषधाचा दुष्परिणाम कळवायला 1800-180-3024 हा मोफत क्रमांक आहे. दुष्परिणाम नोंदवण्याचा हा कार्यक्रम देशात 2010 पासून चालू आहे, तरी माझ्या नोकरीत तो क्रमांक कुठल्याच उपकेंद्राच्या भिंतीवर मी पाहिला नाही. तो भिंतीवर लिहायला लावा. आणि अशा रुग्णासाठी जिल्ह्यातच एक वेगळी खोली ठेवा. कातडी सुटलेल्या माणसाला नागपूरपर्यंत गाडीत हेलकावे खात नेणं फार क्रूर आहे.

परिपत्रक पावसाळ्याआधी निघावं ही विनंती. तापाची साथ तेव्हाच येते आणि बिननावाच्या पुड्या तेव्हाच सर्वांत जास्त वाटल्या जातात.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, धानोरा तालुका