पाणी विचारून घर घेतलं, पाण्यानंच बाहेर काढलं

शहापूर, बेळगाव
रविवार, जुलै अखेर

प्रिय सुनी,

परवा फोनवर म्हणालीस, "सात महिन्यांत दोनदा टेम्पो? लोकांची कर्जं तपासतीस, स्वतःला एक घर नीट बघता येईना?" मी सांगायला तोंड उघडलं आणि इथली लाइट गेली. राऊटर बंद, तू बंद. आज सकाळपासून पाऊस थांबायचं नाव घेईना, कुठं जायचंही नाही, म्हणून लिहायलाच बसले. सगळं लिहिते. पुन्हा टोमणा मारायचा झाला तर निदान माहिती घेऊन मार.

डिसेंबरात बँकेच्या बदलीवर लातूरहून निघाले तेव्हा तूच स्टेशनवर आली होतीस. मिरजेला गाडी बदलायची होती, तासभर प्लॅटफॉर्मवर बसले. बसल्या बसल्या लक्षात आलं, 2016 च्या एप्रिलात आपल्याकडं पाण्याची रेल्वे आली ती इथूनच. तुझे सासरे पहिली गाडी बघायला गेले होते आणि पुढं महिनाभर "दहा वाघिणी, पाच लाख लिटर" असं दारावरच्या भाजीवालीलासुद्धा ऐकवत होते. आपण दोघी मात्र रात्री एक वाजता टँकरच्या रांगेत घागरी घेऊन. मिरजेतच मनाशी ठरवून टाकलं, बेळगावात घर कसंही असो, आधी नळ बघायचा.

आणि दुसरं एक होतं, ते ठरवायची गरजच नव्हती. दगडमातीच्या जुन्या घरात राहायचं नाही. ते तुला सांगायला नको.

आले तर शहरात लॉजच मिळेना. डिसेंबरात इथं सुवर्ण विधानसौधात कर्नाटकच्या विधिमंडळाचं अधिवेशन असतं. अख्खं बेंगळूर चार दिवस बेळगावात येऊन बसतं. मंत्री, अधिकारी, पोलीस, पत्रकार. खोल्या आधीच धरलेल्या. ब्रँचमधल्या एकीनं तिच्या हॉलमध्ये गादी घातली, पण तिचीच मुलं परीक्षेची. चार दिवसांनी मलाच लाज वाटायला लागली. घाई झाली ती तिथं. कर्जदार घाईत असला की मी दोन कागद जास्त मागते. स्वतःच्या वेळी एकही मागितला नाही.

तिकडून निघताना सगळ्यांनी घाबरवलं होतं की मराठी म्हटल्यावर घर देणार नाहीत. माझ्यापुरतं सांगते, भाषेवरून एकानंही नाही म्हटलं नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि इकडं घरमालकाला फक्त एवढंच कळून घ्यायचं असतं की बाई मासे तळते का. दोघांनी मटणावरून नकार दिला, एक कन्नड बोलणारा, एक आपला मराठी. तिघांनी "एकट्याच राहणार?" म्हणून. ह्यांचं दुकान लातुरात, पोराची बारावी, हे सगळं सांगितलं की समोरचा मान डोलावायचा आणि पुन्हा विचारायचा, "मिस्टर कधी येणार मग?" एका ठिकाणी तर मालकीणबाईंनी माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र खरं आहे का, अशा नजरेनं बघितलं. त्रेचाळीस वर्षांची, शाखेची दोन नंबरची अधिकारी, आणि परीक्षा ही!

पाट्या वाचायला शिकले. "मने बाडिगेगे इदे" म्हणजे घर भाड्यानं आहे. एक दिवस वेगळीच पाटी दिसली, "भोग्यक्के". आपल्या मराठी कानाला भलतंच वाटतं ना? मी एजंटाला विचारलं तर तो हसला. म्हणाला, "लीज वो मॅडम. आठ लाख एकरकमी द्या, तीन वर्षं राहा, भाडं नाही. जाताना आठ लाख परत." माझ्यातली बँकवाली लगेच जागी झाली. आठ लाख सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला छप्पन हजार, महिन्याला पावणेपाच हजारांच्या आत. घर तर दहा-अकरा हजार भाड्याचं. एवढं स्वस्त हा माणूस का देतोय? कारण त्याला आठ लाख आत्ता पाहिजेत, आणि बँक देत नाही किंवा देऊन झाली आहे. त्या घरावर आधीच कर्ज असलं आणि हप्ते थकले, तर बँक ताबा घ्यायला येते, आणि आत राहणाऱ्याचे आठ लाख आमच्या हिशोबात कुठंच नसतात. मी ताबा घेणाऱ्यांच्या बाजूनं गेलेली आहे सुनी, दारात उभ्या बाईचा चेहरा बघितलेला आहे. इथं पुष्कळ लोक असे राहतात, चांगले मालक पैसे वेळेवर देतातही. पण करार रजिस्टर केल्याशिवाय आणि घरावरचा बोजा बघितल्याशिवाय कुणी जाऊ नये. मी तर गेलेच नाही.

बाकीची घरं पटपट सांगते. टिळकवाडीत दुसऱ्या गेटजवळ एक बघितलं. इथं रेल्वेच्या फाटकांवरूनच पत्ते सांगतात, पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. घर बरं होतं, पण बघायला जातानाच गेट पडलं, आणि रोज सकाळी असं उभं राहायचं म्हणजे ब्रँच उघडायला मीच उशिरा. हिंदवाडीतलं आवडलं, परवडलं नाही. कॅम्पातला एक बंगल्याचा भाग इतका सुंदर होता की भाडं विचारायचं धाडसच झालं नाही.

पाणी मात्र प्रत्येक ठिकाणी विचारलं. लोक माझ्याकडं बघतच राहायचे. "मॅडम, बेळगावात पाण्याला काय तोटा?" तोटा नाही, पण नळाचं गणित वेगळं आहे. राकसकोप आणि हिडकल, दोन धरणांतून पाणी येतं. शहरातल्या काही वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास नळ चालू असतो, आणि बाकी ठिकाणी काही दिवसांआड. चोवीस तास! मला तर खोटंच वाटलं. मग तशाच वॉर्डातलं एक घर मिळालं. नवी इमारत, स्लॅब, तळमजला, मागची बाजू. रात्री अकरा वाजता जाऊन नळ सोडून बघितला, धो धो. भाडं अकरा हजार, डिपॉझिट पन्नास, अकरा महिन्यांचा करार. उजेड कुठून येतो, वारा कुठून, भिंतीपलीकडं काय आहे, काही बघितलं नाही. गल्लीचं नाव लिहीत नाही, मालक अजून बाजारात भेटतो.

त्याच आठवड्यात शहापुरातलं हे घर बघून गेले होते, हे तुला सांगितलंच नव्हतं. कौलारू, पुढं सोपा, मागं परडं, परड्यात आड. भाडं सात हजार. पुढच्या भागात आजी एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. मी दारातनंच आत बघितलं, हातभर जाडीच्या जांभ्याच्या भिंती, आणि पाय उंबऱ्यावरच थांबले. आजींनी विचारलं, "कुठल्या वो तुम्ही?" लातूर म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे भूकंपवाले न्हवं?" बघ, बत्तीस वर्षं झाली, अजून आपण भूकंपवालेच. मी भिंतीकडं बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाल्या, "भिंत काय बघूलालाय? छप्पर बघा की."

मला तेव्हा ते कळलं नाही. नको म्हणाले आणि निघाले.

(जाता जाता, हे "बघूलालाय", "करूलालाय" ऐकून मला पहिले आठ दिवस हसू येत होतं. मग ध्यानात आलं, आपलं "करायलीस" काय वेगळं आहे? पुण्यातली माझी नणंद दोन्हीला हसेल.)

नव्या घरात मे अखेरपर्यंत मी राणी होते. रोज दोनदा अंघोळ. फरशी पुसायला भरभरून पाणी, नंतर पाप वाटायचं. मग वळवाचे तडाखे झाले, आणि जूनमध्ये जो लागला तो पाऊस आपल्याकडच्यासारखा येऊन जाणारा नव्हे गं. तो येऊन राहतो. पाहुणा म्हणून आला आणि जागाच सोडेना. आठवड्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली, कमरेपर्यंत चढली. पलीकडं कंपाउंडची भिंत चिकटून, मधे गटार, तिथं पाणी तुंबलेलं. सूर्य त्या खोलीत डिसेंबरातही आला नव्हता, पण तेव्हा थंडी म्हणून मी गोधडीत खूश. पापड सादळले, मीठ पाझरलं, चामड्याच्या पर्सवर हिरवी बुरशी. लग्नातला शालू कपाटातनं काढला तर वास! धुतलेले कपडे चौथ्या दिवशीही ओले. इस्त्रीनं वाळवून ब्रँचला जायचे. एका रविवारी पहाटे उठले तर चप्पल खोलीभर तरंगतेय. मोरीच्या जाळीतनं पाणी उलटं आलं होतं.

बादली घेऊन पाणी उपसायला लागले आणि मलाच हसू फुटलं. ज्या पाण्यासाठी आपण रात्री रांगा लावल्या, ते मी घरातनं बाहेर काढत होते.

मालकाला बोलावलं तर म्हणाला, "पावसाळ्यात एवढं चालतंच." सोडते म्हटल्यावर त्यानं करार काढला. नोटिशीचा एक महिना, अकरा हजार कापले; ते लिहिलेलंच होतं, मान्य. वर भिंत खराब केली म्हणून रंगाचे आठ हजार मागितले! त्याच्या भिंतीनं माझी साडी घालवली ते राहिलं बाजूला. भांडून चारवर आणला. पन्नासातले पस्तीस हातात आले. येताना फोटो काढून ठेवले असते तर तेही चार वाचले असते, एवढं तू लक्षात ठेव, तुझ्या पोरीला पुण्यात खोली बघशील तेव्हा कामाला येईल.

मग पुन्हा शोध. 'तरुण भारत'मधल्या छोट्या जाहिरातींवर खुणा करत होते आणि एक शहापूरची दिसली, भाड्यावरनं ओळखली. घर अजून रिकामंच होतं. आजी म्हणाल्या, "आला? मला वाटलंच."

ह्या वेळी मी छप्पर बघितलं. सुनी, आपल्याकडच्या त्या घरांवर माळवद असायचं, लाकडावर फूट-दीड फूट माती, दर पावसाळ्याआधी वर आणखी थर. किल्लारीत माणसं दबली ती दगडाच्या भिंतींखाली आणि त्या मातीखाली. इथं वर नुसती कौलं आणि रिपा, आतनं उजेडाच्या रेघा दिसतात. पाऊस टिकायला नको म्हणून सगळं उतरतं, हलकं. आजी एवढंच सांगत होत्या. भिंती म्हणशील तर त्या जाडच आहेत, आणि मी काही त्यांच्यावर जीव टाकलेला नाही. पहिले दहा दिवस सोप्यात दाराजवळच झोपले, कडी न लावता. आजींनी एकदा विचारलं, मग पुन्हा विचारलं नाही. 30 सप्टेंबर 1993 नंतर तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली आपण महिनाभर झोपलो होतो, तुझी आजी रात्री उठून आपल्या दोघींची डोकी मोजायची, ते सगळं त्या दहा दिवसांत रोज आठवलं. आता आतल्या खोलीत झोपते. पहाटे चारच्या आसपास जाग मात्र येते.

एक काम राहिलंय ते सरकारी. इथं गृहज्योती योजना आहे, घरगुती वापराला 200 युनिटपर्यंत वीज फुकट, भाडेकरूंनाही मिळते. त्यासाठी मीटरच्या आरआर नंबराला, म्हणजे वीजजोडणीच्या क्रमांकाला, आधार जोडायचं. माझं आधार अजून जुन्या घराच्या मीटरला चिकटलेलं, ते आधी सोडवायचं, मग इकडं लावायचं. म्हणजे घर सोडलं तरी घर सोडत नाही. आजींनी माझ्या भागाला वेगळा मीटर घेतलेला आहे हे मात्र मी आधी बघून घेतलं. एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं असली की रोज वाद.

पाणी विचारशील तर नळ इथं चोवीस तास नाही. येतो तेव्हा भरायचं, जुनी सवय. पण आड आहे. जूनमध्ये आत डोकावलं तर पाणी खोल खाली, काळं दिसत होतं. आज सकाळी बघितलं तर काठापासून तीन हातांवर. दोरी जवळजवळ लागतच नाही. पेपरात रोज राकसकोपची पातळी येते, आणि धरण भरलं की महापौर जाऊन गंगापूजन करतात. आपल्याकडं मांजरा भरल्यावर काय दिवाळी होते, तेच. मी पेपर उघडला की अजून आधी तीच ओळ शोधते. आजी म्हणतात, "पाण्याचं काय एवढं बघूलालाय, रोज हाय की ते."

तू येणार होतीस ते उन्हाळ्यात नको, आत्ताच ये, श्रावण लागायच्या आत, म्हणजे आजी मटण करू देतात. येताना पाच किलो तूरडाळ आण आपल्या अडतीवरची. इथली मला शिजत नाही, आजींनाही चव दाखवायची आहे. पत्र्याच्या डब्यात आण, झाकण घट्ट बसणारा. पिशवीतनं आणलीस तर मिरजेपर्यंत ठीक, पुढं माझी जबाबदारी नाही.

तुझी,
वैजू